शितावरून भाताची परीक्षा

खेळाडू अपेक्षेपेक्षा सरस ठरणार की निराशा करणार, याचा अंदाज कसा बांधतात आणि तो कोठे फसतो?

सांगली/सातारा – खास प्रतिनिधी

सांगलीच्या स्मृती मानधनाने २०१७ च्या महिला विश्वचषक क्रिकेट स्पर्धेची सुरुवात इंग्लंडविरुद्ध ९० आणि वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६ धावांनी केली. दोन डावांत १९६ धावा झाल्यावर ही स्पर्धा आता तिचीच, असे कोणालाही वाटले असते. पुढच्या सात डावांत मात्र तिच्या धावा होत्या २, ८, ४, ३, १३, ६ आणि ०. सात डाव मिळून ३६ धावा! यातील अखेरचे शून्य २३ जुलै २०१७ रोजी लॉर्ड्सवर झालेल्या अंतिम सामन्यातले होते.

आठ वर्षांनी, २०२५ च्या विश्वचषकात, चित्र नेमके उलटे दिसले. पहिल्या तीन डावांत ८, २३ आणि २३ अशा जेमतेम ५४ धावा. त्यानंतर ८०, ८८, १०९, नाबाद ३४, २४ आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात ४५. एकूण धावा ४३४. स्पर्धेत तिच्यापेक्षा जास्त धावा फक्त दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वोल्वार्टच्या, ५७१. भारताने तो सामना ५२ धावांनी जिंकून प्रथमच विश्वचषक पटकावला.

दोन्ही स्पर्धांत स्मृती नऊ-नऊ डाव खेळली आणि दोन्ही वेळा सुरुवातीवरून अंदाज बांधणारा साफ चुकला असता. पहिल्यांदा त्याने तिला डोक्यावर घेतले असते, दुसऱ्यांदा तिला संघातून काढा म्हटले असते. शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. पण एका पातेल्यातला भात एकाच आचेवर शिजतो, म्हणून एक शीत पुरते. खेळाडूचे डाव असे एका आचेवर शिजत नाहीत. मग परीक्षा करायची कशी? या प्रश्नावर गेल्या चार-पाच दशकांत बराच विचार झाला आहे आणि त्याचे मूळ आहे अमेरिकेतील बेसबॉलच्या एका हौशी खेळात.

फँटसीचा जन्म

न्यूयॉर्कमध्ये १९८० साली डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने काही मित्रांना जमवून कागदावरची बेसबॉल लीग सुरू केली. ही मंडळी 'ला रोटिसरी फ्रांसेज' नावाच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला जमत, म्हणून खेळाला 'रोटिसरी' हे नाव पडले. त्याची रूढ पद्धत अशी : प्रत्येकाकडे २६० डॉलरची मर्यादा, त्यात लिलावाने २३ खऱ्याखुऱ्या खेळाडूंचा आपला संघ उभा करायचा आणि मोसमभर त्या खेळाडूंची मैदानावरील कामगिरी मोजून विजेता ठरवायचा. संघ कल्पनेतला, पण आकडे खरे. फँटसी खेळांचा सारा पसारा या कल्पनेतून वाढला.

यात गंमत अशी, की सर्वांत चांगले खेळाडू कोणते हे सर्वांनाच ठाऊक असते आणि त्यांची किंमतही तशीच चढते. त्यामुळे नुसता चांगला खेळाडू घेऊन कोणी जिंकत नाही. किमतीच्या मानाने जास्त देणारा खेळाडू ज्याला सापडतो, तो जिंकतो. स्वस्तात मिळून भरघोस देणारा तो छुपा रुस्तम. चढ्या भावाने घेतलेला आणि हाती काही न देणारा म्हणजे नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. दरवर्षी मोसमाच्या तोंडावर अमेरिकेत या दोन प्रकारच्या खेळाडूंच्या याद्या निघतात आणि त्यांवर हिरिरीने वाद झडतात.

भारतात हाच साचा क्रिकेटला लागला. २००८ मध्ये मुंबईत 'ड्रीम इलेव्हन' सुरू झाली. दोन्ही संघांतून ११ खेळाडू निवडायचे, प्रत्येकाला ठरवून दिलेले मूल्य असायचे, सगळ्यांचे मिळून १०० च्या आत बसवायचे. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. मूळ प्रश्न तोच राहिला : कोण आपल्या किमतीपेक्षा जास्त देईल आणि कोण कमी?

आधी अपेक्षा तपासा

एखादा खेळाडू 'निराशा करतो' असे आपण म्हणतो तेव्हा त्या वाक्यात दोन आकडे दडलेले असतात. एक त्याने केलेल्या कामगिरीचा, दुसरा आपण धरलेल्या अपेक्षेचा. पहिला आकडा धावफलकावर दिसतो. दुसरा कोठून आला, हे आपण क्वचितच तपासतो. बहुतेक वेळा तो येतो कालच्या सामन्यातून, मागील मोसमातील एखाद्या झळाळत्या खेळीतून, लिलावाच्या रकमेतून किंवा नावाच्या दबदब्यातून. अंदाज चुकतो तेव्हा अनेकदा खेळाडू होता तसाच असतो. आपण धरलेला दुसरा आकडा मुळात चुकलेला असतो.

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे सौदे पाहिलेल्यांना हे निराळे सांगायला नको. खरेदीदार मूठभर वानगी हातात घेऊन पाहतो आणि बोली लावतो ती सगळ्या मालावर. वानगी मालाच्या मधोमधची असेल तर सौदा ठीक बसतो, वरवरची निवडक असेल तर फसगत होते. खेळाडूचे अलीकडचे चार डाव ही अशीच वानगी असते, आणि आपल्या डोळ्यांत भरतात ते नेमके निवडक डाव.

सरासरीकडे परतणे

या फसगतीला संख्याशास्त्रात नाव आहे : सरासरीकडे परतणे. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये २०५ दांपत्ये आणि त्यांच्या ९२८ प्रौढ अपत्यांची उंची ताडून पाहिली. फार उंच आईबापांची मुले सरासरीने उंच निघाली, पण आईबापांइतकी नाही. फार ठेंगण्यांची मुले ठेंगणी निघाली, पण तितकी नाही. कोणतेही टोकाचे मोजमाप पुन्हा घेतले तर ते मधल्या बाजूला सरकते. कारण टोकाच्या आकड्यात गुणाबरोबर योगायोगाचाही वाटा असतो आणि दुसऱ्या खेपेला गुण सोबत येतो, योगायोग येईलच असे नाही.

बेसबॉलमधील याचे उदाहरण सुप्रसिद्ध आहे. ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७० च्या मोसमातील १८ फलंदाजांचे पहिले ४५ प्रयत्न घेतले आणि त्यांवरून उरलेल्या मोसमाचा अंदाज बांधून पाहिला. यादीत सर्वांत वर होता रॉबर्टो क्लेमेंटे : ४५ पैकी १८ यशस्वी फटके, म्हणजे शेकडा ४०. उरलेल्या मोसमात त्याचे प्रमाण ३४.६ वर आले. तळाशी होता मॅक्स आल्विस : ४५ पैकी ७, म्हणजे शेकडा १५.६. तो पुढे २० वर चढला. क्लेमेंटे थोर खेळाडू होताच आणि उरलेल्या मोसमातही तो इतरांच्या पुढेच राहिला. पण शेकडा ४० ची अपेक्षा धरणाऱ्याला तो 'निराशा करणारा' वाटला असता आणि आल्विसने 'सुधारणा केली' असा समज झाला असता. प्रत्येकाचा आकडा सर्वांच्या सरासरीकडे थोडा ओढून घेतला, तर अंदाजातील एकूण चूक तिपटीहून अधिक घटते, असे या दोघांनी दाखवून दिले.

किती डाव म्हणजे पुरेसे?

एक साधे गणित करून पाहू. एखाद्या फलंदाजाची खरी कुवत शंभरात ३० यशस्वी फटक्यांची आहे, असे धरू. त्याला ४५ संधी मिळाल्या, तर केवळ योगायोगाच्या हेलकाव्यांनी त्याचे यशस्वी फटके पाचांपैकी चार वेळा १० ते १७ च्या दरम्यान पडतील. म्हणजे तोच माणूस, तीच कुवत, पण कधी शेकडा २२ दिसणार तर कधी ३८. संधी ४५० मिळाल्या, तर हाच पट्टा १२३ ते १४७ असा राहील, म्हणजे शेकडा २७ ते ३३. नमुना दसपट झाला की धुके बरेचसे विरते, पण पूर्ण जात नाही.

म्हणून बेसबॉलमधील सर्वांत साधी भाकीतपद्धतही तीन मोसम मागे जाते. टॉम टँगो या विश्लेषकाने २००४ च्या सुमारास मांडलेल्या 'मार्सेल' पद्धतीत फलंदाजाच्या गेल्या तीन मोसमांना ५, ४, ३ असे वजन देतात, त्यात सर्वांच्या सरासरीचा ठरावीक हिस्सा मिसळतात आणि शेवटी वयाप्रमाणे थोडी दुरुस्ती करतात. माकडालाही जमावी इतकी ही रीत सोपी, म्हणून दूरचित्रवाणी मालिकेतील एका माकडाचे नाव तिला दिले. मोठमोठ्या संगणकीय पद्धतींना या 'माकडा'वर फार मोठी आघाडी मिळवणे आजवर जड गेले आहे.

क्रिकेटमध्ये ही अडचण आणखी वाढते. बेसबॉलच्या फलंदाजाला एका मोसमात शेकडो संधी मिळतात. ट्वेंटी-२० लीगमध्ये एका फलंदाजाच्या वाट्याला आठ-दहा किंवा फार तर पंधरा-सोळा डाव येतात आणि एक चेंडू चुकला की डाव संपतो. तेवढ्यावरून कोणी 'चालला' आणि कोणी 'पडला' हे ठरवणे म्हणजे दोन शिते चाखून मोठ्या पंगतीच्या भाताचा निकाल लावणे होय.

साताऱ्याचा धडा : ७२ बाण आणि १५ बाण

नमुना मोठा असला की अंदाज कसा नेमका बसतो, याचे सुंदर उदाहरण साताऱ्यातच आहे. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी कंपाऊंड तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा ती अवघी १७ वर्षांची होती. अंतिम लढतीत तिने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९–१४७ असे हरवले. अनेकांना हा सुखद धक्का वाटला. आकडे पाहणाऱ्याला तितका वाटला नसता.

त्याआधी जून २०२३ मध्ये कोलंबियातील मेडेलिन येथील विश्वचषक टप्प्यात अदितीने पात्रता फेरीत ७२० पैकी ७११ गुण मिळवून १८ वर्षांखालील गटाचा विश्वविक्रम केला होता. पात्रता फेरी ७२ बाणांची असते आणि बाद फेरीची लढत अवघ्या १५ बाणांची. ७२ बाणांत ७११, म्हणजे एका बाणाला सरासरी ९.८७५ गुण. याच हिशेबाने १५ बाणांत होतात १४८. अंतिम लढतीत तिने मिळवले १४९! विक्रम हा खेळाडूच्या सर्वोत्तम दिवसाचा असतो, त्यामुळे रोज तेवढीच अपेक्षा धरणे चूकच. तरीही ही मुलगी जगातील कोणाशीही बरोबरी करू शकते, हे त्या ७२ बाणांनी दोन महिने आधीच सांगून ठेवले होते. जुलैमध्ये लिमेरिक येथे तिने जागतिक युवा विजेतेपदही मिळवले होते. जगाचे लक्ष नव्हते म्हणून ती 'छुपी' होती इतकेच.

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. बर्लिनमध्ये उपांत्य फेरीत अदितीने भारताच्याच ज्योती सुरेखा वेन्नमला हरवले होते. त्याच वर्षीच्या हांगझू आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीतच ज्योतीने तिला हरवले. ज्योतीला सुवर्ण मिळाले आणि अदितीला कांस्य. मग अदितीने निराशा केली काय? मुळीच नाही. जवळजवळ तुल्यबळ अशा दोघी १५ बाणांची लढत खेळतात तेव्हा कधी ही जिंकणार, कधी ती. लढतीचा निकाल आणि खेळाडूची पातळी या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

नशिबाचा वाटा कसा ओळखावा

अंदाज बांधणारे जाणकार म्हणून निकालापेक्षा निकालामागची प्रक्रिया पाहतात. बेसबॉलमध्ये २००१ साली व्होरोस मॅकक्रॅकन या अभ्यासकाने एक धक्कादायक विधान केले. फटका मैदानात पडल्यावर तो क्षेत्ररक्षकाच्या हाती जातो की मोकळ्या जागेत, यावर गोलंदाजाचा ताबा फारच थोडा असतो, असे त्याने म्हटले. अशा फटक्यांपैकी सुमारे ३० टक्के सुरक्षित पडतात. एखाद्या गोलंदाजाच्या बाबतीत एका मोसमात हे प्रमाण खूप जास्त दिसले, तर पुढच्या मोसमात ते खाली येण्याचा संभव मोठा. ज्याला सर्वांनी 'संपला' म्हटले, तो पुढच्या वर्षी 'परतला' असे वाटते. प्रत्यक्षात तो कोठे गेलेलाच नसतो.

क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी याचा अर्थ सोपा आहे. शतकात दोन झेल सुटले होते काय? बॅटची कड घेऊन चौकार किती गेले? गोलंदाजाला बळी मिळाले नाहीत, पण त्याच्या चेंडूंवर फलंदाज सतत चुकत होते काय? धावफलकावर हे येत नाही. पुढच्या सामन्याचा अंदाज मात्र यावरून अधिक नीट बांधता येतो.

आकड्यांत न मावणारे

काही गोष्टी कोणत्याच गणितात आधी येत नाहीत. दुखापत ही त्यांतली पहिली. ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर ५५ किलो गटात स्नॅचनंतर आघाडीवर होता. त्याने ११३ किलो उचलले होते, तर मलेशियाच्या अनिक कसदानने १०७. क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलोचा पहिला प्रयत्न यशस्वी झाल्यावर दुसऱ्या प्रयत्नात संकेतच्या कोपराला दुखापत झाली. तरीही तो तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला, पण वजन पेलले नाही. कसदानने १४२ किलो उचलून एकूण २४९ किलोंसह सुवर्ण नेले. संकेत २४८ वर थांबला. एका किलोने हुकलेल्या या सुवर्णाला 'अपेक्षाभंग' म्हणणे अन्यायाचे ठरेल. संकेतची ताकद स्नॅचमध्ये जगाने पाहिली होती. कोपराचे भाकीत कोणी करू शकत नाही.

दुसरी गोष्ट परिस्थितीची. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. नुसता क्रमांक पाहणाऱ्याला त्यात विशेष काही दिसले नसते. पण मातीत घडलेला, गादीवरच्या कुस्तीचा फारसा सराव नसलेला मल्ल पहिल्याच फटक्यात जगात सहावा येतो, याचा अर्थ त्याच्यात अजून बरेच शिल्लक आहे, हे जाणत्याला कळले असते. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेथे पाठवण्यासाठीही वर्गणी गोळा करावी लागली होती, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. प्राचार्यांचा अंदाज बरोबर निघाला, असे आज म्हणता येते.

तिसरी गोष्ट वयाची. बेसबॉलमधील फलंदाज साधारण सत्ताविशीच्या आसपास बहरात असतो, असे बिल जेम्स या विश्लेषकाने १९८० च्या दशकात दाखवले. तिशी ओलांडलेल्या खेळाडूचे मोठे नाव त्याच्या कामगिरीपेक्षा हळू उतरते. त्यामुळे किमतीच्या मानाने निराशा करणाऱ्यांत थोरली नावे अधिक दिसतात. उलट विशीच्या आतला खेळाडू गेल्या वर्षीच्या आकड्याच्या पुढे जाण्याचा संभव असतो.

लिलावाची रक्कम काय सांगते?

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला. बंगळुरूने स्मृतीला ३ कोटी ४० लाख रुपयांना घेतले. त्या लिलावातील ती सर्वांत मोठी बोली होती. पहिल्या मोसमात तिच्या आठ डावांतील धावा अशा : ३५, २३, १८, ४, ८, ०, ३७ आणि २४. एकूण १४९, सरासरी १८.६२. संघाने पहिले पाचही सामने गमावले. 'महागडी पण अपयशी' असा शिक्का मारायला याहून सोयीची वानगी कोठे मिळणार होती?

पुढच्याच मोसमात तिने दहा डावांत ३०० धावा केल्या आणि १७ मार्च २०२४ रोजी तिच्या नेतृत्वाखाली बंगळुरूने विजेतेपद मिळवले. या दोन मोसमांत ती नवे काही शिकली नसेल असे नव्हे. पण ज्या खेळाडूने २०१३ मध्ये वडोदऱ्यात १९ वर्षांखालील सामन्यात गुजरातविरुद्ध नाबाद २२४ धावा केल्या, २०१६ मध्ये होबार्टला ऑस्ट्रेलियाविरुद्ध शतक ठोकले, २०२२ च्या विश्वचषकात ३२७ धावा जमवल्या, तिची कुवत आठ डावांनी नाहीशी होत नाही. २०२५ च्या विश्वचषकातील पहिले तीन डाव पाहून घाबरलेल्यांनाही हेच लागू होते. त्याच्या दोनच आठवडे आधी, २० सप्टेंबर रोजी दिल्लीत, तिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० चेंडूंत शतक केले होते. एकदिवसीय क्रिकेटमधील कोणाही भारतीयाचे ते सर्वांत वेगवान शतक ठरले.

लिलावाच्या रकमेबद्दल आणखी एक सावधगिरी हवी. तेल उत्खननाच्या लिलावांचा अभ्यास करताना १९७१ मध्ये अमेरिकेतील तीन अभियंत्यांनी 'विजेत्याचा शाप' ही कल्पना मांडली. लिलावात अनेक जण आपापला अंदाज बांधतात आणि वस्तू मिळते ती सर्वांत चढा अंदाज बांधणाऱ्याला. म्हणजे जिंकलेली बोली बहुधा खऱ्या मूल्याच्या वरच असते. हळद असो, तेल असो वा खेळाडू, हा नियम सारखाच लागू पडतो. मोठ्या रकमेला घेतलेला खेळाडू 'निराशा करतो' यात त्याचा दोष थोडा आणि बोली लावणाऱ्याचा अधिक असतो. शिवाय त्या रकमेत नेतृत्व, लोकप्रियता आणि संघाची निकड हेही मोजलेले असते, ज्याच्या धावा होत नाहीत.

पैसा, कौशल्य आणि कायदा

फँटसी खेळ हा कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद आपल्याकडे न्यायालयांत गेला. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'ड्रीम इलेव्हन'चा खेळ कौशल्याचा असल्याचे मानले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा केला. २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत तो संमत झाला आणि २२ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, या कायद्याने बंद केले. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. 'ड्रीम इलेव्हन'ने त्यानंतर पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. कायद्याला न्यायालयात आव्हानही देण्यात आले.

वरील विवेचनाच्या उजेडात या वादाकडे पाहिले, तर दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. तीन-चार मोसमांच्या हिशेबात जाणकार अडाण्याच्या पुढे जातो, यात शंका नाही. म्हणून कौशल्य आहे. पण एका संध्याकाळच्या एका सामन्यात, ११ खेळाडूंच्या एकेका डावावर, कौशल्याचा आवाज योगायोगाच्या गोंगाटात बुडून जातो. लाखो जण एकाच स्पर्धेत उतरले, की पहिला येणारा हा बहुधा सर्वांत जाणता नसतो, तर त्या रात्री ज्याचे सगळे विचित्र अंदाज एकदम खरे ठरले तो असतो. शिवाय जमा झालेल्या रकमेतून चालवणारा आपला वाटा आधीच काढून घेतो. खेळणाऱ्या सर्वांचा एकत्र हिशेब मांडला तर तो तोट्याचाच निघतो. एकदा लागलेल्या बक्षिसाला आपली पारख समजून जो महिन्याचा पगार पुढच्या सामन्यावर लावतो, तो शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्यांतला सर्वांत महागडा गिऱ्हाईक होय. पैसे न लावता मित्रमंडळीत हा खेळ खेळायला कोणाचीच हरकत नाही आणि खेळ समजून घेण्याची ती उत्तम शाळा आहे.

अंदाज बांधताना

वाचकांच्या सोयीसाठी काही ठोकताळे येथे एकत्र देत आहोत.

१. अलीकडचे तीन-चार डाव बाजूला ठेवून आधी गेली तीन वर्षे पाहावीत. ताज्या वर्षाला थोडे अधिक वजन द्यावे, सर्व वजन देऊ नये.

२. कोणताही टोकाचा आकडा, चांगला वा वाईट, मनातल्या मनात सरासरीकडे थोडा सरकवून घ्यावा. डाव जितके कमी, तितका अधिक सरकवावा.

३. निकालामागची प्रक्रिया पाहावी. सुटलेले झेल, कडेचे चौकार, हुकलेले फटके यांची नोंद ठेवावी.

४. भूमिका बदलली काय, हे विचारावे. सलामीला जाणाऱ्या फलंदाजाला जास्त चेंडू मिळतात. तोच सहाव्या क्रमांकावर गेला तर कुवत तीच राहूनही धावा घटतात.

५. वय आणि दुखापतीचा इतिहास पाहावा. स्मृती २०१७ च्या विश्वचषकात उतरली ती जानेवारीतील गुडघ्याच्या दुखापतीतून सावरून. त्या स्पर्धेतील चढउतारांचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

६. किंमत आणि कुवत यांत गल्लत करू नये. किंमत बाजार ठरवतो.

७. अंदाज नेहमी पट्ट्यात सांगावा. 'तो ५० करेल' यापेक्षा 'त्याच्याकडून २० ते ६० ची अपेक्षा आहे' हे अधिक प्रामाणिक.

मैदानावरची किंमत

फँटसी संघात चुकले तर फार तर गुण जातात. खऱ्या मैदानावर याच चुकीची किंमत मोठी असते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील तालमींत, तिरंदाजीच्या सरावमैदानांवर आणि क्रिकेटच्या शिबिरांत मुले-मुली घाम गाळत असतात. त्यांच्यातील कोणाला पुढे पाठवायचे, कोणाला घरी, याचा निर्णय कित्येकदा एका निवड चाचणीवर होतो. त्या दिवशी ताप असलेली मुलगी, पहिल्याच चेंडूवर पायचीत दिलेला मुलगा, गादीवर पाय घसरलेला मल्ल यांच्या बाबतीत निवडणाऱ्याच्या हाती एकच शीत असते.

निवड करणाऱ्यांनी एका दिवसाऐवजी चार दिवस पाहिले, वर्षभराच्या सरावाची वही मागवली, पात्रता फेरीचे सगळे बाण मोजले, तर त्यांचा अंदाज नक्कीच सुधारेल. तरीही तो काही वेळा चुकेल; खेळ आहे तोवर चुकतच राहील. पण २०१७ मधील त्या सात डावांनंतर कोणी स्मृतीची पाटी पुसून टाकली असती, तर २०२५ च्या त्या ४३४ धावा झाल्याच नसत्या. त्या सात डावांवर निकाल न लावणारी माणसे तेव्हा होती, हे आपले भाग्य.